जोर्वे भांड्यांच्या नक्षीचे मातीचे दागिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनात, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. बरेचसे घेणाऱ्यांचे आहेत, काही स्वतः दागिने करू पाहणाऱ्यांचे आणि थोडे पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलामुलींचे. या शेवटच्या मंडळींनी आमच्या माहितीपत्रकातलं एकेक वाक्य धारेवर धरलं. त्यामुळे आता आम्ही लिहिताना जरा सांभाळून लिहितो.

जोर्वे म्हणजे काय? डिझायनरचं नाव आहे का?

गावाचं नाव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. लाल अंगाची, वर काळ्या रंगात रेखलेली, बोटाने टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी भांडी निघाली. पुढे तशीच भांडी नेवासे, चांदोली, दायमाबाद, इनामगाव अशी ठिकठिकाणी सापडत गेली आणि त्या सगळ्यांना या गावाचंच नाव पडलं. कोकण आणि विदर्भाचा बराचसा भाग सोडला, तर महाराष्ट्राच्या नदीखोऱ्यांत ही संस्कृती पसरली होती. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. ताम्रपाषाण युगातली ही शेतकरी माणसं. तांबं वापरायची, पण जपून. रोजची धारदार हत्यारं दगडाच्या पात्यांचीच.

या लोकांबद्दल सगळ्यात जास्त कळलं ते इनामगावमुळे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केलं. शंभराहून जास्त घरं उघडकीला आली, त्यांत एक पाच खोल्यांचं मोठं घर. कुंभाराची भट्टीही सापडली. आमच्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात जवळचं ते.

म्हणजे हे दागिने तीन हजार वर्षांपूर्वी वापरत होते तसेच आहेत?

नाहीत. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण बाजारात 'प्राचीन दागिन्यांची प्रतिकृती' म्हणून काहीही खपवलं जातं. आमच्याकडे नक्षी जुनी आहे, दागिना नवा.

जोर्वे काळातली माणसं दागिने हौसेने घालत. कार्नेलियनसारख्या रंगीत दगडांचे मणी, शंखाचे, तांब्याचे, क्वचित सोन्याचेही. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मातीचे मणीही सापडतात, पण ते बहुतेक साधे. भांड्यावरची काळी नक्षी गळ्यात किंवा कानात घालायची कल्पना आमची. कोणी विचारलं तर 'जोर्वे भांड्यांवरून सुचलेलं' एवढंच सांगा. 'जोर्वे काळचं' म्हणालात तर एखादा जाणकार तुम्हाला अडवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

भांड्यावरची नक्षी एवढ्याशा मण्यावर कशी आणता? छापता का?

छापत नाही. छापाची पट्टी मण्यावर गुंडाळता येते, पण ती ताबडतोब कळते.

भांड्यावरची नक्षी कशी बसवलेली असते ते आधी बघायला हवं. जोर्वेच्या भांड्यावर ती अंगभर नसते. तोंडाखालून खांद्यापर्यंत, जिथे नजर पहिल्यांदा जाते तिथे, आडव्या रेषांनी बांधलेला एक पट्टा असतो. पट्ट्याच्या आत तिरप्या रेषांनी भरलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन, नागमोडी रेघा, शिडीसारख्या उभ्या-आडव्या काड्या, त्रिकोण. खालचं सगळं पोट मोकळं, लाल. त्या मोकळ्या लाल अंगामुळेच वरचा काळा पट्टा उठून दिसतो. म्हणून आम्हीही मण्याचा निम्म्याहून जास्त भाग कोरा सोडतो. 'ताई, इथे अजून थोडं डिझाइन भरा ना' असं बऱ्याचदा सांगितलं जातं. भरत नाही. भरलं की ते जोर्वे राहत नाही, मेंदी होते.

दुसरी अडचण मापाची. वीत-दीड वीत घेराच्या भांड्यावर एका चौकोनात डझनभर तिरप्या रेघा आरामात मावतात. अठरा मिलीमीटरच्या मण्यावर तेवढ्या काढल्या तर चौकोनाचा नुसता काळा ठिपका होतो. त्यामुळे चार रेघा, फार तर पाच. मूळ नक्षी लहान करायची नसते, तिच्यातलं काय गाळलं तरी ती ओळखू येईल ते ठरवायचं असतं. आमच्या वहीत पानंच्या पानं या गाळण्याची आहेत.

प्रत्यक्ष काम असं चालतं. वाळलेला, अजून न भाजलेला मणी सायकलच्या स्पोकवर बसतो. डाव्या हातात स्पोक, उजव्या हातात खारीच्या केसांचा बारीक ब्रश. ब्रश जागचा हलत नाही, मणी फिरतो. आधी वरची रेघ, मग खालची, मधली जागा शेवटी. रंग पातळ झाला तर कोरडी माती तो झटकन पिते आणि रेघ फाटते. घट्ट झाला तर ब्रश अडखळतो. एक फेरा पूर्ण होताना शेवटचा चौकोन कधी अंग चोरून बसतो, कधी जरा ऐसपैस होतो. हातात धरून फिरवत काढलेल्या पट्ट्यात असा सांधा येतोच. तो लपवायचा म्हणून आम्ही मोजमाप करून चौकोन आखत नाही. घेणाऱ्यांपैकी काहीजणी तो सांधा शोधून आमच्यासमोर धरतात. 'हे चुकलंय का?' नाही, तिथून मणी सुरू झालाय.

मोर, हत्ती, कमळ मिळेल का?

जोर्वे नक्षीत नाही. जोर्वेच्या भांड्यांवर प्राणी फार क्वचित येतात, जवळजवळ सगळा कारभार रेषांचा. मोर पैठणीवर शोभतो, तिथेच राहू दे.

प्राणी हवेच असतील तर थोडं मागे जावं लागतं. जोर्वेच्या आधीची माळवा भांडी, म्हणजे मध्य प्रदेशात महेश्वरसमोर नर्मदेच्या दक्षिण तीरावर नावदाटोलीला मिळाली ती, चित्रांच्या बाबतीत बरीच मोकळी आहेत. तिथे हरणं, पक्षी, नाचणारी माणसंही दिसतात. खानदेशातल्या सावळदा भांड्यांवर मासे आणि बाणाची टोकं. या दोन्हींवरून आम्ही थोडी कानातली केली आहेत. ती वेगळ्या संचात ठेवतो आणि पाठीमागच्या चिठ्ठीवर तसं लिहितो. माळव्याचं हरीण आणि जोर्वेचा चौकोन एकाच माळेत गुंफायचे नाहीत, हा आमचा हट्ट समजा.

इनामगावच्या एका रांजणावर मात्र बैल जुंपलेली गाडी कोरलेली सापडली आहे. ते चित्र इतकं जिवंत आहे की लटकन करायचा मोह होतोच. मोठ्या चपट्या लटकनावर आम्ही ती करतो, रंगाने नाही, कोरून.

'उत्तर जोर्वे' संचातले मणी खडबडीत आणि नक्षी ओबडधोबड का आहे? कमी दर्जाचा माल आहे का?

माल तोच, भट्टी तीच. 'उत्तर' म्हणजे इथे दिशा नव्हे, जोर्वेचा उशिराचा काळ. मुद्दाम तसे केले आहेत.

इ.स.पू. १००० च्या सुमाराला इनामगावचं चित्र बदलतं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात. पाऊसमान घटलं, शेती मागे पडली, लोकांचं फिरणं वाढलं, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी लावला. हीच ओढाताण भांड्यांतही दिसते. माती पूर्वीइतकी बारीक नाही, नक्षी घाईत उरकलेली. आकार मात्र जुनेच. तीच तोटीची भांडी, तेच वाडगे. पोटाची भ्रांत असतानाही कुंभाराने पट्टा काढायचं सोडलं नाही, फक्त हात सैल झाला.

आम्हाला हा काळ सुरुवातीच्या सुबक जोर्वेपेक्षा जास्त आवडतो. या संचाच्या मातीत आम्ही बारीक वाळू मिसळतो आणि नक्षी एका दमात, परत ब्रश न फिरवता काढतो. जिला गुळगुळीत आवडतं तिने हा संच घेऊ नये, एवढं प्रामाणिकपणे सांगतो.

तोटीच्या भांड्याचं लटकन करता, मग दफनकुंभाचं का नाही? तोही आकार सुंदर आहे.

सुंदर आहे, यात वाद नाही. पण जोर्वे काळात लहान मूल गेलं की त्याला दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. राखाडी रंगाचे साधे, हाताला जड कुंभ. ते बघितल्यावर त्याचे झुबे करावेत असं आम्हाला वाटलं नाही. वाडगे आणि तोटीची भांडी हीसुद्धा दफनांसोबत ठेवलेली मिळतात, हे खरं. पण ती रोजच्या स्वयंपाकाजेवणातलीही होती, म्हणून ती चालतात. रेघ कुठेतरी ओढावी लागते, आम्ही इथे ओढली.

माती कुठली वापरता?

कुंभार वापरतात तोच पोयटा, नदीकाठचा आणि तळ्यातला गाळ. एका कुंभाराकडून वाळवलेली ढेकळं येतात. ती भिजवून, पातळ करून, आधी चाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळतो. मडक्यासाठी एवढं गाळायची गरज नसते, पण मण्यात एवढासा चुनखडीचा खडा राहिला तर भाजून झाल्यावर काही दिवसांनी तो ओलावा धरतो, फुगतो आणि वरचा टवका उडवतो. गाळलेली माती पोत्यावर सुकवून, मळून, ओल्या गोणपाटात मुरत ठेवतो. जितकी मुरेल तितकी लोण्यासारखी होते.

वरचा लाल हात कावेचा, म्हणजे गेरूचा. त्याच मातीचा सगळ्यात बारीक, पाण्यात शेवटी बसणारा थर घेऊन त्यात काव मिसळतो. काळ्या रेघांसाठी काव आणि मँगनीज. नुसती काव भट्टीत मोकळी हवा असताना लालच राहते. काळा टिकवायचा तर मँगनीज लागतं. भाजणी साधारण १०४० अंश सेल्सिअसला, विजेच्या भट्टीत.

ग्लेझ का देत नाही? चमक आली तर जास्त खपेल.

खपेलही. पण जोर्वेच्या भांड्यांना ग्लेझ नव्हतं, त्यांचा पृष्ठभाग मंद, कोरडा दिसणारा आहे. त्यावर काचेचा थर चढवला की नक्षी तीच राहूनही परकी वाटते. शिवाय मातीचा दागिना अंगावर थोड्या वेळाने अंगाइतका कोमट होतो. कोऱ्या मातीचा तो स्पर्श आम्हाला घालवायचा नाही.

लाल रंग पांढऱ्या कुडत्याला लागेल का?

नाही. रंग वरून लावलेला नाही, मातीबरोबर भाजलेला आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. लाल उतरला तर दागिना कच्चा राहिला असं समजायचं, आणि तो परत पाठवायचा.

बांगड्या का इतक्या कमी असतात?

दोन कारणं. एक म्हणजे माप. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, आमची माती दोन्ही मिळून सुमारे दहा टक्के. '२-६' ची बांगडी म्हणजे दोन पूर्णांक सहा सोळांश इंच आतला व्यास, ६०.३ मिलीमीटर. ती मिळायला ओली बांगडी ६७ मिलीमीटरची घडवावी लागते. वाळताना एक बाजू आधी सुकली तर ती गोल न राहता लंबगोल होते आणि हातात जात नाही. सोन्याची बांगडी सोनार ठोकून बसवून देतो, मातीची देता येत नाही.

दुसरं कारण सरळ आहे, बारीक मातीची बांगडी ओट्यावर आपटली की संपली. म्हणून आम्ही जाड कडी करतो, किंवा पाच-सहा कमानदार तुकडे करून लवचीक दोरीत ओवतो. ओवलेल्या प्रकारात माप थोडं मागेपुढे झालं तरी चालतं.

या बाबतीत खरी करामत सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी केली. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथे सापडलेल्या गडद राखाडी बांगड्या अत्यंत बारीक मातीच्या आहेत, बंद भांड्यात ठेवून मोठ्या उष्णतेवर भाजलेल्या, आणि त्यातल्या काहींवर इवलीशी अक्षरं कोरलेली आहेत. हात लावता येत नाही, पण फोटो बघूनही मान खाली जाते.

कानातली जड होतात का?

दिसतात त्यापेक्षा हलकी आहेत. त्याच आकाराचा भरीव चांदीचा तुकडा मातीच्या सुमारे पाचपट भरतो. मोठे झुबे आम्ही आतून पोकळ करतो. तरीही कानाची भोकं ओघळलेली असतील तर लांब डुलांऐवजी कुड्या घ्या. त्यांच्या मागे मळसूत्राची फिरकी आहे, ओढ कमी पडते.

मला खोटे दागिने चिघळतात. हे चालतील?

चिघळणं बहुतेकदा धातूतल्या निकेलमुळे असतं, मातीमुळे नाही. आमचे हूक चांदीचे आहेत. फक्त स्वस्तातल्या संचाला स्टीलचे असतात. आधीच त्रास झालेला असेल तर ऑर्डर देताना सांगा, चांदीचे घालून देऊ. लहान बाळ कडेवर असेल तर माळ घालू नका. मणी तोंडात जातो, आणि तुटलेल्या मण्याची कड धारदार असते.

पावसात भिजले तर?

काही होत नाही. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. दोरा मात्र सुती असतो, तो वाळवा, नाहीतर बुरशी धरेल.

माळेवर पांढरी भुकटी आली आहे. बुरशी आहे का?

मण्यावर असेल तर बहुधा क्षार. माती घाम शोषते. पाणी उडून जातं, मीठ वर येतं. दोरा काढून मणी साध्या पाण्यात तासभर ठेवा, पाणी एकदा बदला आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. साबण लावायचा नाही, मातीत मुरलेला साबण लवकर निघत नाही. अत्तर आणि केसांचं तेल हे खरे शत्रू, त्यांचा डाग कायमचा बसतो. त्यामुळे आधी अत्तर, ते वाळल्यावर माळ.

बाजारात टेराकोटाचा सेट शंभर-दीडशेला मिळतो. तुमचा एवढा महाग का?

दोन्ही एकच वस्तू असतील असं नाही. आधी हातातली वस्तू काय आहे ते बघा.

दोन मणी एकमेकांवर हलकेच वाजवा. पक्की भाजलेली माती टणक, वरच्या पट्टीत वाजते. कच्ची किंवा न भाजता वाळवलेली माती लाकडासारखी बसक्या आवाजात. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून मागच्या बाजूला चोळा. रंग कापसावर आला तर तो ॲक्रिलिक आहे, भाजणीनंतर वरून दिलेला. पॉलिमर क्ले नावाने मिळते ती तर मातीच नव्हे, प्लास्टिकचा प्रकार आहे. ती साध्या ओव्हनमध्ये १३० अंशांच्या आसपास घट्ट होते. कुंभार करतात ती आणखी एक चाचणी: कोऱ्या जागी जिभेचं टोक लावायचं. भाजलेली सच्छिद्र माती जीभ धरून ठेवते. दुकानात हे करायला लाज वाटेल, घरी आणून करा.

ॲक्रिलिकच्या दागिन्यांना आम्ही नावं ठेवत नाही, लग्नाच्या साडीला हवा तो रंग त्यातच मिळतो. फक्त त्याच्या पाटीवर 'पारंपरिक भाजलेली नक्षी' लिहिलेलं दिसलं की राग येतो. आमची किंमत हाताच्या वेळेची आहे. सोळा मण्यांच्या माळेत प्रत्येक मणी रंगवताना तीन-चार वेळा हातात येतो, आणि भट्टीतून तडकून निघालेले मणी कोणी विकत घेत नाही.

घरच्या ओव्हनमध्ये भाजता येतील का? मला शिकायचंय.

ओव्हन अडीचशे अंशांपर्यंत जातो. तिथे माती फक्त कडकडीत वाळते; पाण्यात टाकली की परत चिखल. मातीची पक्की 'माती' व्हायला सहाशे अंशांच्या पुढे जावं लागतं. वाटेत ५७३ अंशांना मातीतल्या गारगोटीचे कण एकदम फुगतात, आणि थंड होताना तिथेच पुन्हा आकसतात. म्हणून चढताना आणि उतरताना तो टप्पा सावकाश पार करायचा असतो. भट्टी उघडायची घाई केली की बारीक टिकटिक ऐकू येते. ते तडे जात असतात.

विजेची भट्टी नसेल तर उघड्यावर भाजून बघता येतं. मणी आठवडाभर सावलीत, मग कडक उन्हात वाळवा. गालाला लावून गार लागला तर आत अजून पाणी आहे, ते वाफ होऊन मणी फोडेल. जुन्या खापरात मणी ठेवून ते आधी नुसत्या निखाऱ्याच्या धगीवर तास-दोन तास तापवा. मग भोवती आणि वर गोवऱ्या रचून पेटवा आणि पूर्ण विझेपर्यंत हात लावू नका. अशी आग सातशे-आठशे अंशांपर्यंत जाते. काही मण्यांवर धुराचे काळे ढग उमटतील, काही फुटतील. पहिल्या खेपेला नक्षी काढत बसू नका, साधे मणी भाजा.

दोन सूचना. भोक अर्धवट वाळलेल्या मण्याला पाडा आणि दोऱ्यापेक्षा मोठं ठेवा, कारण तेही आक्रसतं. आणि मँगनीजची पूड हाताळताना मास्क लावाच. ती श्वासातून जाणं घातक आहे, स्वयंपाकघरात तर ती काढूच नये.

इनामगावला शेतात खापराचे तुकडे पडलेले दिसतात म्हणे. त्यांना भोक पाडून लटकन केलं तर? ते तर अस्सल!

कृपा करून करू नका, आणि आम्हाला आणून देऊ नका. दोन-तीनदा लोकांनी पिशवीत घालून तुकडे आणले, आम्ही घेतले नाहीत.

खापराची किंमत त्याच्या जागेत असते. कुठल्या थरात, कुठल्या घरात, कशाशेजारी पडला होता, यावरून काळ कळतो. उचलून आणला की तो मुका तुकडा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला परवानगी नाही. शेतात नांगराला काही लागलं तर जागच्या जागी ठेवून पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा.

या नक्ष्या तुमच्या मालकीच्या आहेत का? मी वापरू शकते?

तीन हजार वर्षांपूर्वीच्या चौकोनावर आमचा काय हक्क! खुशाल वापरा. उत्खननाच्या अहवालात कोणा चित्रकाराने रेखलेलं भांड्याचं चित्र जसंच्या तसं उचलून छापणं मात्र वेगळी गोष्ट. शक्यतो मूळ भांडं बघून स्वतः काढा. तुमचा चौकोन आमच्यासारखा येणारच नाही.

मूळ भांडी कुठे बघायला मिळतील?

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात. इनामगावचं साहित्य तिथे आहे. जायच्या आधी वेळ विचारून घ्या. वाडग्याच्या पोटावर जो कोन आहे तो बाजूने, डोळे भांड्याच्या पातळीला आणून बघा. आमच्या त्रिकोणी कुड्यांचा आकार तिथून आला आहे, आणि समोरून बघणाऱ्याला तो दिसतच नाही.

पुढच्या काळातल्या मातीकामात आणि दागिन्यांत रस असेल तर धाराशिव जिल्ह्यात तेरला जा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलिनच्या मूर्ती आहेत. त्यांच्या कानात, गळ्यात काय काय घातलंय ते निवांत बघा. जोर्वेशी त्याचा थेट संबंध नाही, मध्ये काही शतकं आहेत. पण मातीवर दागिना कसा घडवायचा हे तिथे शिकायला मिळतं.

संक्रांतीच्या वाणासाठी पन्नास नग मिळतील का?

मिळतील, पण दिवाळीच्या आधी सांगा. थंडीत माती वाळायला वेळ लागतो आणि डिसेंबरात भट्टी भरलेली असते. वाणासाठी लहान सुगडाच्या आकाराचं लटकन असतं. ते जोर्वे नव्हे, तुमच्या-आमच्या घरातलं सुगड आहे, आणि त्यावर आम्ही जोर्वेची नक्षी काढत नाही.

परदेशी पाठवता का?

हो. बिलावर 'नव्याने बनवलेला मातीचा दागिना' असं ठळक लिहितो, म्हणजे कस्टममध्ये कोणाला तो उत्खननातला वाटत नाही. काळ्या-लाल मातीच्या वस्तूबद्दल असे प्रश्न खरंच विचारले जातात.

माळेचा दोरा तुटला. कोणाकडे ओवून घेऊ?

जवळच्या पटवेकऱ्याकडे. प्रत्येक मण्यामागे गाठ मारायला सांगा, म्हणजे पुन्हा तुटला तरी सगळे मणी विखुरणार नाहीत आणि एकमेकांवर घासणारही नाहीत.

एक डूल हरवला. जोडीतला एकच करून मिळेल का?

मिळेल, पण उरलेला आमच्याकडे पाठवावा लागेल. फोटोवरून रंग जुळत नाही. एकाच भट्टीतसुद्धा वरच्या फळीवरचा लाल आणि खालच्या फळीवरचा लाल वेगळा येतो. आम्ही तीन-चार करतो आणि सगळ्यात जवळचा निवडून देतो. पैसे एकाचेच घेतो. पाठवताना डूल कापसात गुंडाळून कडक डबीत घाला. नुसत्या पाकिटात घातलेला पोचतो, पण अख्खा पोचत नाही.